कंपनीच्या बसमधले पंतप्रधान

सूतगिरणीत छताखालच्या पाइपांवर रुईची धूळ बसते. पाळी सुटताना कोणीतरी लांब ब्रशने ती काढतो, आणि पुढच्या पाळीत पाइप पुन्हा पांढरे दिसतात. किश्शांचं तसंच आहे. नागपूरहून बुटीबोरीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ते रोज नवे साचत. घरी येऊन चार ओळी लिहून ठेवायची मला सवय, तरी अर्धेअधिक सुटलेच. जे हाती राहिले त्यांतले बरेचसे, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, एका अरब देशाच्या पंतप्रधानांचे आहेत.

देशाचं नाव लिहीत नाही. आमच्यातल्या एकाचा मुलगा अजून तिथे आहे. बसमध्येही आम्ही नाव घेत नसू, नुसतं ‘तिकडे’ म्हणायचो. तिकडे राजा आहे. राजा पंतप्रधान नेमतो आणि मनात आलं की बदलतो. आणि त्याच्या मनात ते वरचेवर येतं.

* * *

हे सगळं सुरू झालं डोंगऱ्यांमुळे. डोंगरे मेंटेनन्समध्ये फिटर. खिडकीशी बसणारे, कमी बोलणारे. त्यांचा एकुलता एक प्रफुल आयटीआय करून तिकडच्या एका कपड्यांच्या कारखान्यात लागला. दोन वर्षांचा करार, मग सुट्टीवर घरी, असं ठरलेलं. डोंगरेवहिनींनी त्याला निरोप देतानाच तो परत येईल तेव्हा काय रांधायचं ते ठरवून ठेवलं होतं.

प्रफुल सोमवारी तिकडे उतरला. बुधवारी सकाळी डोंगरे बसमध्ये चढले ते चेहरा पाडून.

“सरकार पडलं तिकडं,” ते म्हणाले. “राजानं पंतप्रधानाले काढलं.”

बोलला तो बोकडे. बोकडे पॅकिंग खात्यात, कळमेश्वरकडचा, सकाळी वावरात चक्कर मारून मग कामावर येणारा. त्याचं तोंड फक्त झोपेत बंद असतं.

“पोरगं सोमवारी उतरलं अन् बुधवारी सरकार पडलं? डोंगरेभाऊ, एवढा दांडगा पायगुण! त्याले इथंच ठेवा लागत होतं. आपला मॅनेजर तरी गेला असता.”

डोंगरे हसले. संध्याकाळी परतताना प्रफुलचा फोन आला. बापाने पहिला प्रश्न विचारला, “तिकडं काई गडबड नाई ना?”

“कायची गडबड, बाबा? मेसमधे चिकन होतं आज.”

* * *

तेव्हापासून तिकडची बातमी बसमध्ये रोज होऊ लागली. पण तिकडची नावं लांब. स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, वर घराण्याचं. कोणाला पाठ होईना. मग आम्ही फोटो पाहून नावं ठेवली. पहिला चष्मेवाला. त्याच्यामागून आला तो जावई, कारण फोटोत तो सासुरवाडीला पाटावर बसल्यासारखा हसत होता.

जावई फार टिकला नाही. त्याला काढून राजाने कोणाला नेमावं? पुन्हा चष्मेवाल्यालाच.

आमचे ड्रायव्हर यादवजी. नजर रस्त्यावर, कान मागे. त्यांनी विचारलं, “तो भाई, ये पुराना गिना जाएगा कि नया?”

यावर चिंचभवनपासून जामठ्यापर्यंत भांडण झालं. मी म्हटलं, माणूस तोच, तर मोजायचा एकदाच. डोंगऱ्यांचं म्हणणं, शपथ दोनदा घेतली तर दोनदा. दोन्ही बाजू दमल्या तेव्हा बोकडेने निकाल दिला.

“आपला जुना मॅनेजर दुसऱ्यांदा आला, तेव्हा आपण हार नवा आणला होता का जुनाच घातला? मंग दोनदा मोजा.”

* * *

चष्मेवाल्याला दुसऱ्यांदा काढलं त्याच सुमारास आमच्याकडे एचआरला एक तरुण साहेब आले होते. त्यांची गाडी बिघडली म्हणून एक दिवस ते आमच्या बसने आले. पुढे बसलेले, हातात लॅपटॉप, डोळ्यांवर जाड चष्मा. मागे आम्ही नेहमीसारखे सुरू.

“चष्मेवाल्याले काढलं म्हणते.”

“कामाचा नव्हताच तो. वरून नुसता गोड बोले.”

“सांगतलंबी नाई त्याले. सकाळी आला, अन् खुर्चीवर दुसराच बसून राहिला होता!”

दुपारी डोंगऱ्यांना केबिनमध्ये बोलावणं. बस कोणाबद्दल बोलत होती? ही बातमी आली कुठून? डोंगऱ्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. तिकडचा देश, राजा, पंतप्रधान, आपला मुलगा. मोबाइलवर फोटोही दाखवला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला.

“नोटीस पिरियड किती असतो तिकडे?”

“तिकडं नोटीस नसते, साहेब.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि डोंगऱ्यांना जायला सांगितलं. दोनेक महिन्यांनी साहेबांची खुर्ची रिकामी दिसली. बोकडेने मला कोपराने ढोसलं.

“नोटीस देल्ली असन का गा याइले?”

* * *

अजनी चौकात बसची वाट पाहताना आम्ही ज्याच्याकडे चहा घ्यायचो, त्या चहावाल्याच्या दारासमोर नाली तुंबली होती. त्याने आम्हाला शिकलेसवरलेले समजून विचारलं, “भाऊ, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण आहे सध्या? तक्रार कोणाकडं करू?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणाला सांगता येईना. आहे की नाही, इथपासून शंका. आणि दोनच मिनिटांपूर्वी बोकडेने तिकडचे पंतप्रधान क्रमाने म्हणून दाखवले होते, कोणाचा दाढी-मिशांचा प्रकार कोणता यासकट.

चहावाल्याने ग्लास विसळले.

“मंग नाली त्याइच्याकडूनच काढून घेतो,” तो म्हणाला.

* * *

प्रफुलचा करार पुरा झाला तो हिवाळा मला चांगला आठवतो. डोंगऱ्यांनी घराला रंग दिला. प्रफुलच्या खोलीला आकाशी. आणि त्याच आठवड्यात तिकडे नवा पंतप्रधान आला. हा हातातली छडी खाली ठेवून फोटोला उभा राहिल्यासारखा दिसायचा, म्हणून मास्तर.

प्रफुलचा फोन आला. नवं सरकार आहे, बाहेरच्या कामगारांचे सगळे कागद नव्याने तपासताहेत, कोणालाच सोडत नाहीत. थोडं थांबावं लागेल.

बसमध्ये मास्तरवर सगळ्यांचा राग. यादवजी गतिरोधक आला की त्याच्या नावाने बोटं मोडायचे. एका रविवारी आम्ही डोंगऱ्यांकडे गेलो, तर वहिनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “भाऊ, तुमी पेपर वाचता. हा मास्तर किती दिवस राहीन?”

“तिकडे फार कोणी टिकत नाही, वहिनी.”

त्यांना बरं वाटलं. एका परक्या देशाचं सरकार पडावं म्हणून दिवस मोजणारी बाई साऱ्या नागपुरात ती एकटीच असेल.

बोकडे म्हणाला, “विहारात मेणबत्ती लावता ना, वहिनी? मागून घ्या की.”

“बुद्धाले असं मागता येत नाई, बोकडेभाऊ. त्यानं तर इच्छाच सोडा म्हणून सांगतलं.” मग आवाज उतरवून, “तुमचा मारुती ऐकते का हो?”

डोंगरे एकदम म्हणाले, “काहून वं? काई भलतंच.”

“मी थोडीच जाऊन राहिली? हे जातीन.”

बोकडे शनिवारी गेला. नारळ फोडला. देवाला देशाचं नाव नीट सांगितलं, असं त्याने शपथेवर सांगितलं. आणि पुढच्याच महिन्यात मास्तर गेला! बोकडेने बसमध्ये खोबरं वाटलं. वहिनींसाठी पुडी बांधून दिली, ती त्यांनी खाल्ली असं डोंगरे म्हणाले.

मास्तरच्या जागी काळा कोट घातलेला एक गंभीर माणूस आला. त्याचं नाव वकील.

प्रफुल फोनवर म्हणाला, “बाबा, नवा माणूस आला. सगळं पहिल्यापासून करा लागते आता.”

* * *

वकील टिकला. एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. आम्हाला आता नाव ठेवायला कोणी मिळत नव्हतं, आणि प्रफुल आला नव्हता. बसमध्ये तिकडचा विषय हळूहळू कमी झाला. डोंगरे खिडकीबाहेर बघत राहत. आकाशी खोलीत वहिनी वर्षाचं धान्य ठेवू लागल्या.

त्या दिवाळीत बोकडेच्या गावचा एक मुलगा तिकडून सुट्टीवर आला. तोही तिकडेच कामाला, दुसऱ्या कारखान्यात. बोकडेने मला कळमेश्वरला बोलावून घेतलं. डोंगऱ्यांना सांगितलं नव्हतं. आम्ही त्या मुलाला विचारलं की पंतप्रधान बदलला की सुट्ट्या अडतात का.

तो हसला. “काका, मी दरवर्षी येतो ना. मास्तर... तुमी ज्याले मास्तर म्हणता, त्याच्या राज्यातबी आलतो. त्याचा अन् आमच्या सुट्टीचा काय संबंध?”

प्रफुलला ओळखतोस का, म्हटलं. ओळखत होता. प्रफुलने कारखाना केव्हाच सोडला होता. एका मोबाइलच्या दुकानात काम करतो, तब्येतीने चांगला आहे, अंगावर कपडे चांगले असतात. “मी हाक मारली. त्यानं पाहिलं, अन् रस्ता ओलांडून गेला.”

का, ते त्याला माहीत नव्हतं. आम्हालाही आजपर्यंत कळलेलं नाही. परतीच्या वाटेवर मी बोकडेला विचारलं, डोंगऱ्यांना सांगायचं का.

बोकडे म्हणाला, “त्याइच्याजवळ एक शत्रू आहे, पंतप्रधान. तो काढून घेतला तर उरते कोण? आपलंच पोरगं.”

आम्ही सांगितलं नाही. मागच्या बाकावर आम्ही दोघं वकिलाला शिव्या देत राहिलो. पहिल्यासारख्या त्या जमत नव्हत्या.

* * *

डोंगऱ्यांच्या निवृत्तीला प्रफुल येणार होता. अगदी नक्की. तिकीट काढलंय, म्हणाला होता. वहिनींनी त्याच्या खोलीतलं धान्य हलवलं.

त्या दिवशी डोंगरे शेवटचे बसने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. चढल्या चढल्या त्यांनी आम्हाला मोबाइलवर त्याच सकाळची तिकडची बातमी दाखवली. वकील एका पुलाचं उद्घाटन करत होता, हातात कात्री, समोर लाल फीत.

“हा पक्का आहे,” डोंगरे म्हणाले. “हललाबी नाई. आता काई अडचण नाई. रात्रीपर्यंत पोचते पोरगा.”

दुपारी कॅन्टीनमध्ये कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मॅनेजरने डोंगऱ्यांच्या हातचं मशीन कधी बंद पडलं नाही असं सांगितलं, आणि ते खरं होतं. वहिनी जांभळ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मग जेवणं सुरू झाली. आम्ही पाच जण एका टेबलावर होतो. डोंगरे, वहिनी, बोकडे, यादवजी आणि मी. तेवढ्यात प्रफुलचा फोन आला. वहिनींना ऐकू यावं म्हणून डोंगऱ्यांनी स्पीकर लावला आणि मोबाइल जिलेबीच्या ताटाशी ठेवला.

“बाबा,” प्रफुल म्हणाला, “निघालोच होतो मी. पण काल सरकार बदललं इकडचं. नवा पंतप्रधान आला. विमानतळावरूनच वापस पाठवून राहिले सगळ्याइले.”

यादवजींचा घास हातात राहिला. बोकडे ताटात बघू लागला. मी डोंगऱ्यांकडे पाहिलं.

“हाव बेटा,” डोंगरे म्हणाले. “पाहिलं आमी. सकाळीच दिसलं टीव्हीवर. बसमधे तेच बोलणं होतं सगळ्याइचं.” मोबाइल त्यांनी जरा जवळ ओढला. “तू जपून राह्य. जेवत जाय टायमावर.”

फोन बंद झाला. डोंगरे खांद्यावरून घसरलेली शाल काढून तिची घडी घालू लागले. एकदा घातलेली उलगडली, पुन्हा घातली.

वहिनी बोकडेकडे वळल्या. “कसा आहे हो हा नवा?”

बोकडेने तोंडातला घास गिळला.

“बरा दिसते, वहिनी. वयानं मोठा आहे.”

“लेकरंबाळं?”

“आहेत ना. एक पोरगा आहे.”

“जवळ राहते?”

बोकडेने डोंगऱ्यांकडे पाहिलं. डोंगऱ्यांनी मान वर केली नाही.

“नाई,” बोकडे म्हणाला. “बाहेरदेशी असते म्हणते.”

वहिनींनी ताटातली एक जिलेबी उचलून बोकडेच्या पानात वाढली.

“मंग त्याले समजते,” त्या म्हणाल्या.