काढून ठेवलेला रिसीव्हर

लेकीच्या बाळाचा पहिला फोटो इंटरनेटवरून यायचा होता. फोनच्याच लाइनला जोडलेला संगणक मात्र सारखा सांगत होता, डायल टोन नाही. माझा मुलगा घामाघूम झाला होता. मधेच कुणाचा फोन येऊन लाइन तुटू नये, म्हणून त्याने रिसीव्हर आधीच काढून ठेवला होता.

"अरे, तो जागेवर ठेव."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

चौथी शिकलेय मी. पण कुणी मधे बोलू नये म्हणून दार लावून बसलेल्याला कुणाचंच ऐकू येत नाही, हे कळायला शाळा लागत नाही. मी रिसीव्हर जागेवर ठेवला. मोडेम किंचाळला, लाइन लागली आणि मी पडद्यासमोर वाकले.

"सरक आई, बघू दे."

"आधी मी बघणार. ऊठ," म्हटलं आणि त्याच्या खुर्चीत बसले.