कुसुमआत्याची घरपाहणी

विकाराबादचं जंगल मागे पडलं, लाल मातीच्या शेतांमधून इमारती डोकावू लागल्या आणि डब्यातली माणसं बाकांखाली चपला चाचपडू लागली. हैदराबादचं नामपल्ली स्टेशन आलं होतं. सोलापूरहून निघताना माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मला एकच काम सांगितलं होतं, “कुसुमआत्याला घेऊनच ये.”

कुसुमआत्या ही आमच्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही. हैदराबादच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवण्यात तिची उभी हयात गेली. गौलीगुड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. सहा महिन्यांपूर्वी न्हाणीत घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शेजारी लगेच धावले, काळजी नको, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. पण यापुढे तिचं एकटीनं राहणं शक्य नाही, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मी जिने चढून वर पोचले तर आत्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत अडकवून खुर्चीत तयार बसलेली. टेबलावर तिनं स्वतः पेन्सिलीनं काढलेला शहराचा नकाशा होता. मधून मुसी नदी वाहत होती आणि तीन जागी लाल वर्तुळं केली होती.

“ही काय भानगड?” मी विचारलं.

“तीन वृद्धाश्रम. फोनवर सतरा जणांशी बोलून निवडलेत. आता डोळ्यांनी बघायचेत. खाऊन घे, जहीरभाई खाली येईल.”

“आत्या, दादा म्हणतो...”

“तो म्हणतो ते मला ठाऊक आहे. सोलापुरात तुम्ही दोघंही कामाला जाणार आणि मी दिवसभर कुलपाची राखण करणार. नक्को!” (नक्को म्हणजे ‘नको’च, पण हैदराबादी माणूस तो असा म्हणतो की पुढे बोलायची सोय राहत नाही.)

तिनं मागवून ठेवलेला पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) आल्याच्या चटणीशी खाता खाता मी मनाशी ठरवलं, फिरू दे बिचारीला दोन दिवस. थकली की आपोआप तयार होईल. गंमत अशी की संध्याकाळपर्यंत मी थकले होते, आणि ती पुढच्या दिवसाचे रस्ते आखत बसली होती.

जहीरभाई हा तिचा जुना रिक्षावाला. साठीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. आत्याला तो ‘टीचरअम्मा’ म्हणतो. अफझलगंजच्या हातगाड्या, लोखंडी सामानाचे टेंपो आणि चुकीच्या बाजूनं येणारे स्कूटरवाले यांच्यामधून त्यानं आम्हाला बाहेर काढलं. तासाभरानं शहराच्या कडेला, काळ्या खडकांच्या ढिगांमध्ये उभ्या असलेल्या एका चकचकीत इमारतीसमोर थांबलो.

मी तर बघून हरखलेच. संगमरवरी फरशी, कारंजं, भिंतीएवढ्या खिडक्या! मॅनेजर टाय लावलेला. त्यानं नमुन्याची खोली दाखवली आणि पलंगाशेजारची घंटा दाखवून म्हणाला, “ये दबाए, की एक मिनट में स्टाफ हाजिर.”

आत्यानं घंटा दाबली. मॅनेजर योगवर्गाबद्दल बोलत राहिला, मग बागेबद्दल, मग वाढदिवस कसे साजरे करतात त्याबद्दल. आत्या मधूनमधून हातातल्या घड्याळात बघत होती.

“ग्यारह मिनट,” ती म्हणाली.

“मॅडम, वो तो सिर्फ दिखाने के वास्ते...”

“हौ. वही देखने आयी मैं,” असं म्हणून ती काठी टेकत बाहेर पडली.

दुसरा पत्ता जहीरभाईला तोंडीच सांगितला होता. त्यानं गल्ल्याबोळ पालथे घालून मोठ्या ऐटीत एका दारात रिक्षा उभी केली. आत काउंटरवर एक तरुण मुलगी होती.

“कमरा देखना है,” आत्या म्हणाली.

“पेशंट कौन, आंटी?”

“मैं.”

मुलीनं आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कितने दिन के वास्ते?”

“जिंदगीभर के वास्ते.”

मुलगी पेन धरून थिजलीच. तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचं मोठ्यानं रडणं ऐकू आलं आणि माझं लक्ष भिंतीवरच्या बाळांच्या चित्रांकडे गेलं. ते प्रसूतिगृह होतं! कुणीतरी नुकतेच आजोबा झालेले गृहस्थ हातात मिठाईचा डबा घेऊन फिरत होते. त्यांनी आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला. आत्यानं तो तिथंच बसून, शांतपणे, चवीनं संपवला.

“आप नर्सिंग होम बोले, मैं नर्सिंग होम लाया,” जहीरभाई बाहेर कुरकुरला. “मेरी क्या गल्ती?”

आम्ही दोघी रिक्षात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आत्याला असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होते!

खरा दुसरा आश्रम सापडेतो ऊन उतरायला लागलं होतं. एका साध्या घरात एक बाई चौदा म्हाताऱ्यांना सांभाळत होत्या. प्रत्येकाचं नाव, आवडीची भाजी, मुलांची नावं त्यांना पाठ. आम्हाला बसवून त्यांनी चहा दिला. मला वाटलं, हेच. पण आत्या न्हाणीघरापाशी थांबली. तिथं एक उंच पायरी होती आणि भिंतीला धरायला काही नव्हतं.

“यहां कोई गिरा क्या?” तिनं विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. “दो जने. इसी साल,” त्या खरं तेच बोलल्या. निघताना आत्यानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. पण घरी आल्यावर तिनं नकाशावरचं ते वर्तुळ खोडून टाकलं.

तिसरं वर्तुळ शहराच्या पूर्वेला होतं. दुसऱ्या दिवशी तिकडे पोचलो तेव्हा जेवणाची तयारी चालली होती. दुमजली पांढरी इमारत, मागे कडुलिंबाची झाडं, भिंतींना धरायला स्टीलचे कठडे. इथं दाखवायची वेगळी खोली नव्हती. कार्यालयातल्या वयस्कर गृहस्थांनी, रावगारूंनी (गारू म्हणजे आपलं ‘साहेब’), आम्हाला मोकळं सोडलं, “घूम लो. कुछ पूछना तो आना.”

एका रिकाम्या पलंगाशी जाऊन आत्यानं हळूच घंटा दाबली. मिनिटभरात एक नर्स जवळजवळ पळतच आली. हातात ओला टॉवेल. आत्या धडधाकट उभी बघून ती भडकली.

“अम्मा! बेल खेलने की चीज है क्या? ऊपर एक तात्याला (आजोबांना) आंघोळ घालत होते, सोडून आले मी!” हे हिंदी, तेलुगू आणि चक्क मराठीत. ती नांदेडकडची निघाली. नाव स्वरूपा.

“चुकलं माझं,” आत्या म्हणाली आणि नर्सची पाठ वळताच माझ्याकडे पाहून तिनं डोळे मोठे केले. “मंजू! रागावली बघ मला! सहा महिने सगळे नुसते गोड बोलतायत.”

आश्रमातल्या एकवीस जणांच्या पंगतीत जेवायला बसलो. गरम भात, त्यावर पप्पू (वरण) आणि तूप, अंबाडीचं लोणचं, चारू (पातळ सार). समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांशी आत्यानं गोदावरी आणि कृष्णा यांच्यात लांब कोण यावर वाद घातला आणि जिंकला. मी चार घास जास्तच जेवले. मला आता वाटू लागलं होतं की हे खरंच जमेल.

अडलं ते अर्जाच्या शेवटच्या पानावर. जबाबदार नातेवाइकाची सही हवी होती. मी दादाला विचारल्याशिवाय करणार नव्हते. कार्यालयातूनच फोन लावला.

“सही करायची नाही,” दादा ओरडला. “वडील असते तर काय म्हणाले असते? बहिणीला आश्रमात टाकलं? तू तिला घेऊन निघ.”

आत्यानं हात पुढे करून फोन घेतला.

“ऐक रे. मी पडले त्या दिवशी शेजारी लगेच आले असं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. सकाळी सहाला पडले. धुणंवाली दहाला आली. चार तास मी ओल्या फरशीवर होते. हाका मारून आवाज गेला. मग मी मनातल्या मनात देशांच्या राजधान्या म्हणत राहिले, शुद्ध जाऊ नये म्हणून.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुझ्या घरी मला प्रेम मिळेल, हौ. पण सकाळी दहा ते सहा घरात कोण असेल, ते सांग.”

राजधान्या! आणि आम्ही दर रविवारी फोनवर तिला ‘बरी आहेस ना?’ विचारून मोकळे होत होतो.

“मंजूला दे,” शेवटी दादाचा बारीक आवाज आला. मी फोन घेतला. “कर सही,” तो म्हणाला. “आणि त्यांना विचार, भेटायला आलो तर राहता येतं का.”

रावगारू हसले. “एक रात नहीं, चार रात रहो.”

रीतीप्रमाणे आधी दोन दिवस राहून बघायचं होतं. मी गौलीगुड्याच्या खोलीवर एकटीच झोपायला गेले, आणि दिवसभर तिच्या फोनची वाट पाहिली. आला नाही. घाबरून दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन थडकले, तर आत्या खोलीतल्या दुसऱ्या बाईंशी पंख्याच्या वेगावरून भांडत होती. एकीचं तेलुगू, दुसरीचं दखनी हिंदी.

“काय झालं?” मी घाबरत विचारलं.

“काही नाही गं, थोडं थांब,” तिचे गाल लाल झाले होते. “मी जिंकतेय.”

तिचं तिथंच राहायचं पक्कं झालं. मी निघताना ती कठड्याला धरून फाटकापर्यंत आली. मी वाकून नमस्कार केला. वाटलं होतं, रडू येईल. पण तेवढ्यात आतून जेवणाची हाक आली आणि ती म्हणाली, “जा तू आता, मला उशीर होतोय.”

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. एका म्हाताऱ्या माणसासाठी जागा शोधायची म्हणजे कुणाला तरी सोडून यायचं, या समजुतीनं मी सोलापूर सोडलं होतं. चार दिवसांत आत्यानं मला गल्लीबोळांतून फिरवून ती समजूत मोडून काढली होती. पुढच्या सुट्टीत दादाला घेऊन कधी यायचं, याचे मी आताच बेत करत होते.

तांडूरला तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन एक मावशी चढल्या. सोलापूरलाच निघाल्या होत्या. पोतं बाकाखाली सरकवून त्यांनी पाय पसरले आणि विचारलं, “हैदराबादेत कोण असतं तुमचं?”

“आत्या असते,” मी म्हणाले. “एकटी...”

वर्षानुवर्षांच्या सवयीनं शब्द तोंडात आला होता. मी थांबले.

“एकटी नाही,” मी म्हणाले. “बावीस जणं असतात ती.”