डब्यातली साखर आणि माझा निळा शर्ट

दोस्तांनो, डोकं फिरलंय माझं. आता तुम्हीच सांगा.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून माझा निळा चेक्सचा शर्ट नुसता पडून होता. "हा शोभतोय तुला," असं वर्गातली मेघा एकदा म्हणालेली. म्हणून काल आईच्या मशीनवर बसून त्याची पिशवी शिवली. खिसा तसाच ठेवला, बाहेरच्या बाजूला.

आज सकाळी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून रव्याचा केक भाजला. पहिला करपला, दुसरा जमला. केक स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत आणि मी मेघाच्या दारात! तिनं हसून घेतला. मी गाडीला किक मारून पळालो.

संध्याकाळी मंडईला जाता जाता तिची आई डबा परत देऊन गेली. उघडला तर आत मूठभर साखर! साखर म्हणजे होकारच की राव!

"खुळा हायस काय?" आई म्हणाली. "रिकामा डबा कोण परत देतंय व्हय? रीत असती ती."

आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं ती साखर चहात टाकून ढवळलीसुद्धा! मी ओरडलो, तर मलाच म्हणते, "आधी कुकर घास. बुडाला काळा झालाय."

कुकर घासताना डोक्यात आलं. डबा आला, झाकण आलं, पण पिशवी कुठं हाय? रीत पाळणाऱ्या घरातनं पिशवी माघारी येत न्हाय, म्हणजे काय समजायचं? जाऊन विचारू, का गप बसू?