मामांच्या मचव्याचं चाक

मिलच्या सुतारखात्यात करवतीखाली माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मी जेमतेम तिशीचा होतो. जखम भरल्यावर मिलने मला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पास बघायचे आणि बसून राहायचं. लालबागच्या आमच्या चाळीत लोक मला 'बिचारा' म्हणू लागले. कोणी शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या, पण 'बिचारा'ला काय उत्तर देणार? सुतारकीला मीही मनातल्या मनात रामराम ठोकला होता.

अशात मामा आले. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मालवणकडून मचव्यात, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीत, कौलं आणि जळाऊ लाकूड भरून भाऊच्या धक्क्याला यायचं, हा त्यांचा धंदा. मचवा त्यांचाच आणि तो हाकणारे तांडेलही तेच. मचव्याला त्यांनी नुकतंच इंजिन बसवून घेतलं होतं. तोवर ते मागे बसून सुकाणूचा दांडा ओढत, आता त्यांना आगबोटीवर असतं तसं उभं राहून फिरवायचं लाकडी चाक हवं होतं. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "चाक तूच करतलंस."

मी हात पुढे केला. "मामा, हा बघितलात ना?"

"बघलंय. पुढच्या खेपेक तयार होया," म्हणाले, आणि मापासाठी गाठी मारलेली दोरी माझ्यासमोर टाकून निघून गेले.

रे रोडच्या वखारीतून मी सागवान आणलं. तसं हे चाक बैलगाडीच्या चाकासारखंच. मधे तुंबा, त्यात बसवलेले आठ आरे आणि भोवती गोल कड. फरक एवढाच की प्रत्येक आरा कडेच्या बाहेर निघतो आणि तिथे त्याची हातात धरायची मूठ होते. पण तीन बोटांच्या हाताने लाकूड घट्ट धरता येईना. पहिलीच मूठ घडवताना पटाशी घसरली, आणि रागाच्या भरात मी ती गॅलरीतून खाली भिरकावली. नशीब, खाली कोणी नव्हतं. बायको तीन जिने उतरली, पटाशी घेऊन वर आली, आणि आऱ्यावर पाय रोवून बसली. "चालवा आता," म्हणाली. तेव्हापासून माझी डावी बाजू तीच झाली. पिठात भुसा पडतो म्हणून ती रोज भांडायची, आणि भांडताना पायाखालचं लाकूड तसूभर हलू द्यायची नाही. तिचे हे उपकार मी तिला कधी बोलून दाखवले नाहीत. आज इथे लिहून ठेवतो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. चाक जोडायला गॅलरी मोकळी हवी होती, आणि चाळीची गॅलरी मोकळी कधी असते? एका हरताळाच्या दिवशी अख्खी चाळ घोषणा देत मोर्चाला गेली आणि मी संधी साधली. "सगळी चाळ महाराष्ट्र आणूक गेली, नि तुमी चाक जोडीत बसलात!" बायको म्हणाली. मी म्हटलं, "ते आणतील. तू कड धर." संध्याकाळी चाळ घसे बसवून परत आली तेव्हा चाक भिंतीला टेकून उभं होतं. त्या रात्री मी डोळे मिटून एकेक मूठ चाचपली. एकीत आणि दुसरीत केसाचा फरक लागेना. एका मापाचे नग हुबेहूब सारखे हवेत, ही मिलची शिकवण. मी अजून सुतार होतो, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

मामांचा मचवा लागला तसं हातगाडीवर चाक घालून आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. मामांनी चाक जागेवर बसवलं, फिरवून पाहिलं. मग मुठींवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सगळ्यो मुठी सारख्योच केलंस?"

"एका मापाच्या आहेत," मी छाती काढून म्हणालो.

"मगे काळोखात माका कसा कळतला, सुकाणू सरळ हा की नाय ता? एक मूठ वेगळी होयी. ती वर इली की सुकाणू सरळ. हाताक कळाक होया."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या कष्टाने सारख्या केलेल्या मुठींतली एक आता मीच बिघडवायची! तोंडाला आलं ते बोलून गेलो, "दया आली म्हणून काम दिलंत ना मामा? मग गोड मानून घ्या की!"

खलाशी वळून बघू लागले. बायकोने मान खाली घातली. मामा मात्र चिडले नाहीत. चाकावर हात ठेवून म्हणाले, "दया इली तर माणूस पेज वाढता, झिला. सुकाणू देणा नाय. माझ्या मचव्यात पाच माणसां आसत."

मी पिशवीतून पटाशी काढली आणि तिथेच बसून, सुकाणू सरळ असताना वर राहणाऱ्या मुठीला गोल खाचा पाडल्या. खाचा बऱ्या उतरल्या. मामांनी डोळे मिटले, बायकोने चाक थोडं फिरवून सोडलं. मामांनी चाचपत चाचपत ती मूठ धरली आणि वर आणून थांबवली. "सरळ!" मागे सुकाणूपाशी उभा असलेला खलाशी ओरडला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मामा त्या चाकावर मुंबईला येत राहिले. पुढे आयुष्यात मला कौतुक पुष्कळ मिळालं, पण पाच माणसांचा जीव माझ्या हातावर टाकणारे तेवढेच. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

मचव्याला चाक बसवलं त्यानंतरच्या सोमवारी मी मिलच्या गेटवर बसलो नाही. तडक सुतारखात्यात जाऊन मुकादमांना म्हटलं, "माझं काम मला परत द्या." त्यांची नजर माझ्या डाव्या हाताकडे वळली. कोणी असं बघितलं की तो खिशात घालायची मला सवय लागली होती. त्या दिवशी मी तो त्यांच्या समोर, टेबलावर ठेवला.