पाच वॅटचा करार

तिसऱ्या वळणावर दादा बुटाची नाडी बांधायला बसला, आणि धाकटीने ओळखलं की नाडी काही सुटलेली नाही, त्याला दम लागलाय. तीही गपचूप शेजारच्या दगडावर टेकली. घरून निघून दीड तास झाला होता. टेकडीचा माथा अजून अर्ध्या तासावर होता.

"दमलीस?" दादाने विचारलं.

"हो, मीच दमले," ती म्हणाली.

एकसष्ट वर्षांची झाली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दादा अडुसष्टचा. जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली असते, तिथल्या घरघराटात त्याची चौतीस वर्षं गेली. पण गच्चीची किल्ली खिशात असल्याचा फायदाही त्यानेच उठवला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे, तेव्हा हा पाण्याच्या टाकीला तार बांधून रेडिओवर टकटक करत बसायचा. परीक्षा देऊन रीतसर परवाना काढला होता. हा गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. यावर आपणही बोलायचं, तेही तोंडाने नाही, लांब-आखूड ठोक्यांनी. आणि दादाचा हट्ट असा, की वीज वापरायची ती फक्त पाच वॅट. देवापुढच्या चिमुकल्या बल्बला लागते तेवढी.

"एवढ्या विजेत धड खोली उजळत नाही," तो म्हणायचा, "आणि माझी हाक समुद्र ओलांडते."

समुद्रापलीकडे पाववाला होता. बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी हवेतच दोघांची गाठ पडली, आणि मग ते दर रविवारचंच झालं. प्रत्यक्ष कधी भेटले नाहीत. दादाच्या भिंतीवर त्याचं एक कार्ड लावलेलं आहे, त्यात भट्टीसमोर पिठाने माखलेले दोन हात दिसतात, चेहरा नाहीच. दोघांचा करार एकच: पाच वॅटच्या वर कोणी जायचं नाही. ऐकू आलं तर आलं, नाही तर पुढचा रविवार.

आज निघताना वहिनीने धाकटीला स्वयंपाकघरात ओढून घेतलं होतं. "वन्सं, तुमच्या भावाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, समुद्रापलीकडचं बरं ऐकू येतं! परवा मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि हे आपले रस्त्याच्या मधोमध. मला विचाराल तर कान गेलेत. पण माझं कोण ऐकतंय? तुम्ही जा आणि खरं काय ते बघून या. गेले असतील तर टेकडीचं हे खूळ आजपासून बंद."

धाकटीने शब्द दिला. आणि गावाबाहेर पडतात न पडतात तोच मागून सायकलची घंटा खणखणली, दादाला बाही धरून बाजूला ओढावं लागलं. टेकडी लागेपर्यंत तिने ती बाही सोडली नाही.

माथ्यावर पोचल्यावर दादाने मासे धरायच्या गळाच्या दोरीला शिशाचं वजन बांधलं आणि झाडाच्या उंच फांदीवरून भिरकावलं. तिसऱ्या फेकीला ते पलीकडे गेलं.

"पहिल्या दोन देवाला," तो म्हणाला.

"देवाला कशाला मध्ये आणतोस? नेम तुझा चुकला."

दोरीमागून तार वर चढली. जेवणाच्या डब्याएवढा रेडिओ दगडावर बसला, बॅटरी जोडली गेली, वही उघडली. इअरफोनचं एक टोक दादाने आपल्या कानात घातलं, दुसरं तिला दिलं. हे ठोके तिला परके नव्हते. लहानपणी शिक्षा म्हणून दादाला अडगळीच्या खोलीत कोंडलं, की ती दारावर टकटक करून त्याला बातम्या पुरवायची. आई कुठे आहे, राग उतरला की नाही. शिकवलं होतं दादानेच.

बरोबर दहाला पाववाला आला. संथ हात, आणि नाव संपवताना शेवटचा ठोका जरा लांबवायचा, कणीक ओढावी तसा. धाकटी चमकली. सहा वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा हाच माणूस पाचोळ्यात किडा किरकिरावा तसा ऐकू आला होता. आज दाराची घंटा वाजावी तसा, आणि खरखर नावालाही नाही.

"बघ!" दादा म्हणाला. "म्हणे माझे कान गेले. सांग तुझ्या वहिनीला."

हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, निरोप झाला. दादाने वही मिटली, दोन मिनिटं कान देऊन बसला, मग म्हणाला, "आज दुसरं कोणी नाही." आणि बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात तिला ऐकू आलं. खूप खोल, खरखरीच्या खाली, तोच पाचोळ्यातला किडा. दादाच्या परवान्यावरची खूण, म्हणजे हवेतलं त्याचं नाव, वाजवत होता. घरी आला की दादा याच खुणेने दार ठोठावतो, ती तिला झोपेतही ओळखू आली असती. एकदा. पुन्हा एकदा. दादाचं बोट बटणावरच होतं आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.

आपण गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? तिने मनात देवाचं नाव घेतलं. खोटं निभावायचं बळ मागावं की खरं बोलायचं, तेच तिला कळेना.

"दादा, थांब. कोणीतरी हाक मारतंय तुला."

"छे! खरखर आहे ती."

तिसऱ्यांदा हाक आली. ती वाद घालत बसली नाही. तिने दादाचा हात ओढून घेतला आणि कानात येईल ते बोटाने त्याच्या तळव्यावर दाबत गेली. आधी दादाची खूण, मग हाक मारणाऱ्याची. शेवटचा ठोका कानात लांबला, तसं तिने बोटही दाबून धरलं.

दादा तळव्याकडे बघतच राहिला. "हा तर पाववाला!"

"त्याने तर मघाशीच निरोप घेतला ना?"

"आत्ता पाच वॅटवर उतरलाय." दादाने रेडिओवरचा, हाकेचा जोर दाखवणारा बारीक काटा दाखवला, तो जेमतेम थरथरत होता. "मघाशी मला ऐकू यावं म्हणून शंभर तरी लावले होते. वर्षभर बघतोय मी, काटा दोन घरं जास्त चढतो. बोललो नाही. बोललो असतो तर कान गेल्याचं कबूल करावं लागलं असतं."

"मग दर रविवारी निरोपानंतर हा असाच हाक मारत असेल?"

"असेल," दादा हळूच म्हणाला. "मी तार गुंडाळत असेन तेव्हा."

त्याने उत्तर वाजवलं. पलीकडून सावकाश अक्षरं यायला लागली, धाकटी ती एकेक करून तळव्यावर दाबत गेली. "अर्थ तू लाव बाबा, अक्षरं मी देते." दादा डाव्या हाताने ऐकत होता, उजव्याने लिहीत होता.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, इतके रविवार कुठे होतास."

सामान पिशवीत भरून झालं तेव्हा धाकटी म्हणाली, "वहिनीला खरं सांगावं लागेल, दादा. शब्द दिलाय मी."

"सांग की. कानाचं यंत्रही घेतो, मला कुठे ट्रकखाली जायची हौस आहे? पण यंत्राने ट्रक ऐकू येईल. खरखरीखालचा हा पाच वॅटवाला नाही यायचा." त्याने तारेचं भेंडोळं खाली ठेवलं आणि डावा तळवा तिच्यापुढे धरला. "तुझ्या मशीनवर शिवणाचा ढीग पडलेला असतो, गुडघेही दुखतात, ठाऊक आहे मला. तरी रविवारचा तुझा एक हात मला देशील का?"