पदराची गाठ

काल सुनेने धानाच्या पोत्यांची तोंडं बांधायला सुतळी पाण्यात भिजवली. तो वास आला आणि बोदलकसा तलावाजवळचं आमचं जुनं घर आठवलं.

पहिल्या बाळंतपणाला सासूने रीतीप्रमाणे घरातल्या साऱ्या गाठी सोडल्या होत्या, बाई लवकर मोकळी व्हावी म्हणून. दाईचे हात धुऊन होईस्तोवर पोरगा बाहेर आला. दुसरं त्याहून लवकर येणार, ही सगळ्यांना धास्ती. आणि दाई तर आता तलावापलीकडच्या गावी राहायला गेलेली. म्हणून सासूने उलटंच केलं. ओल्या सुतळीने पोती आवळली, दोरांना गाठी मारल्या. दुपारी कळा सुरू झाल्या आणि नवरा सायकलने दाईला आणायला गेला, तेव्हा तिने माझ्या पदरालाही गाठ मारली.

"दाई येऊन राहिली व माय. तोवर सोडजो नोको."

दाई यायच्या आधीच पोरगी सासूच्या हातात आली. रडली नाही. सासू तिची पाठ चोळत राहिली, खूप वेळ. मग तिला माझ्याजवळ ठेवून उठली आणि पोत्यांच्या गाठी सोडू लागली, दातांनी.

"आता काऊन सोडून राहिल्या, मामी?" मी सासूला विचारलं. ती पुढच्या पोत्याला लागली. मला रडूही आलं नाही. सुतळीचा वास घेत मी नुसती पडून होते.

तेव्हा वाटलं, सासूला वेड लागलं. आता वाटतं, तिच्या हाताला दुसरं काय काम उरलं होतं?

माझ्या पदराची गाठ मात्र राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी लुगडं धुताना मीच ती सोडली. ओली झाली होती, वेळ लागला.