भिकाच्या हातची कणीक

फोन भिकाच्या मुलीचा, सुजाताचा. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या घरात दाढी करत बसलो होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. अर्धी दाढी तशीच ठेवून खाली उतरलो. इस्पितळात पोचलो तेव्हा त्याच्या मानेतली नळी काढली होती आणि तिथे कापसाचा बोळा चिकटवला होता. त्याला आता महिना होऊन गेला. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, नको. शाळा मी चौथीत सोडली, पण भिकावर लिहायला मला दुसऱ्याचा हात लागत नाही.

मी भजनातला बुवा, पेटी घेऊन गाणारा. भिका माझ्या बाजूला मृदंगावर. दोघेही मालवणकडचे, एकाच गिरणीतले. गिरणी गेली, भजन राहिलं. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चीत करतात त्याला आम्ही डबलबारी म्हणतो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आम्ही ती गाजवली. खोटं कशाला बोलू, गाजवलीच. त्यातला निम्मा मान भिकाचा. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्यानेच तो घुमतो. ही कणीक भिका स्वतः भिजवायचा, परातीला दुसऱ्याला हात लावू देत नसे. घट्ट की सैल ते नुसत्या अंगठ्याने दाबून ओळखायचा, डोळे समोरच्या बुवावर. आणि बारी संपली की आधी कणीक खरवडायची, मग चहा, हा माझा कायदा. वाळली तर ती चामडं धरते आणि पुडी, म्हणजे ते चामड्याचं तोंडच, फुटते.

दुखण्याची पहिली खबर त्या कणकेनेच दिली. मालाडच्या बारीला मृदंग बद्द वाजायला लागला. बघतो तर कणीक पिठल्यासारखी! "मेल्या, घावणे घालूक इलंस काय?" मी माईकवरच ओरडलो. लोक हसले. भिका आपल्या बोटांकडे बघत राहिला. म्हणाला, "माका कळलाच नाय रे, बुवा." मग एकदा डोंगराच्या पायऱ्या चढून घरी आला आणि त्याची बायको, आमची वहिनी, विचारते, एक चप्पल कुठाय? वाटेत पायातून निसटली, त्याला पत्ता नाही. नाक्यावरच्या डॉक्टरने साखर तपासली, ठीक निघाली. मग विचारलं, दारू किती घेता? जन्मात थेंब न घेतलेला माणूस, उठून चालायलाच लागला.

शेवटी मोठ्या इस्पितळात हातापायाला करंट लावून तपासलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, नसा अशा मरायला साखर कारण असते, दारू असते, जीवनसत्त्व कमी पडतं. यांना त्यातलं काही नाही. शरीराची रोगाशी लढणारी फौजच उलटून यांच्या नसांवरचं आवरण खाते आहे. भिका म्हणाला, "म्हणजे मृदंग आवळणारी वादी सैल झाली." का झाली, हे मात्र बाईंनाही सांगता आलं नाही. मला ते अजून पटत नाही. मारणाऱ्याचं नाव तरी माणसाला कळायला हवं.

गोळ्यांनी फरक पडेना. तोवर त्याला बटण लावता येईना, भात कालवता येईना. मग बाई म्हणाल्या, रक्त गाळू. मानेत नळी घालून रक्त मशीनमध्ये घ्यायचं, ही उलटलेली फौज ज्या पिवळ्या पाण्यात असते ते काढून टाकायचं आणि लाल रक्त नव्या पाण्यासकट परत द्यायचं. हे ऐकून भिका अडूनच बसला. "माझो हात बापाशीन दिल्लो. तो रगतात आसा. तां गाळल्यानी तर मगे हातात काय रवतला?" सुजाता रडली, वहिनीने हात जोडले, हा हलेना. मी म्हटलं, "तुझो बापूस कणकेत पाणी जास्त घाली. त्याचो हात गेलो तर बरांच!" तेव्हा हसला आणि मान पुढे केली.

मी बाजूला बसून होतो. पिशवीत पिवळं पाणी जमत होतं, उसाच्या रसासारखं. भिका त्याच्याकडे एकटक बघत होता. "ह्यां खंय टाकतत रे?" म्हणाला.

असं काही वेळा झालं. एका सकाळी म्हणाला, चादरीची शिवण बोटाला लागते. घरी आला तो वहिनीकडे परात मागतच. कणीक स्वतः भिजवली, थापली, आणि डावा पंजा टाकला. घुमला हो मृदंग! उजवी बोटं अजून उठत नव्हती. "तीय येतली," म्हणाला.

ती आली नाहीत. गाळण्याचा गुण टिकत नाही, फौज पुन्हा तयार होते, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. हात पुन्हा पडला. पुन्हा नळी घातली. त्या वेळी नळीतून जंतू शिरले, ताप चढला, छाती भरली... हा धोकाही त्यांनी सांगितला होता. मीच भिकाला म्हटलं होतं, काय होत नाय.

त्याचा मृदंग त्याच्या घरी खुंटीला तसाच आहे. परात मागितली त्या दिवशी खरवडायचं राहून गेलं. कणीक दगड झाली आहे आणि तिच्यावर त्याची बोटं उमटली आहेत. तीन खोल, करंगळीची नुसती रेघ. परवा मी गेलो तेव्हा सुजाता सुरी घेऊन आली. "काका, खरवडू ना? तुम्हीच ओरडता."

म्हटलं, "रवांदे. फुटू दे पुडी."